परक्या पाण्याची जिवाणी

बाहुबली पाटलांच्या पंगतीला बसलेला माणूस आपल्या मर्जीनं कधी उठला नाही. पाहुण्यानं ताटावर आडवा हात धरला की ते त्याच्या बोटांच्या फटीतून तूप सोडायचे, आणि पाहुणा “आवं, बास बास” म्हणेपर्यंत वर आणखी एक पोळी येऊन पडायची. कृष्णाकाठच्या बोरबन गावात लहानथोर त्यांना अण्णाच म्हणत. गुणमाला त्यांची सून होऊन आली तेव्हा पहिल्या आठवड्यातच सासऱ्याच्या आग्रहानं तिचं पोट बिघडलं होतं, पण सांगायची सोय नव्हती. आग्रह हा अण्णांचा धर्मच होता, म्हणजे खऱ्या धर्माच्या खालोखाल.

खरा धर्म जैनांचा, आणि तो ते काटेकोर पाळत. दिवेलागणीनंतर अन्नाचा कण तोंडात नाही. कांदा-बटाटा उंबऱ्याच्या आत नाही. बांधावर मुंग्यांची रांग दिसली की हा सहा फुटी माणूस बांध सोडून चिखलातून जाई. शेतीत जीव मरतात हे त्यांना कळत होतं. नांगराखाली जे मरतं ते पोटासाठी, त्याची रोज क्षमा मागायची. पण ठरवून मारायचं नाही. म्हणून बहात्तरचा दुष्काळ सरला, नदीवरून उपशाचं पाणी आलं, शिवार उसानं भरलं आणि पाठोपाठ खोडकिडीवर फवारायच्या औषधाचे डबे आले, तेव्हा अण्णांनी ग्रामसेवकाला चहा पाजून डब्यांसकट परत पाठवलं. “किडीनं खाल्लं तर खाऊ दे. तिचाबी वाटा आसंल त्यात,” म्हणाले.

युरिया मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून आवडला. पांढराशुभ्र, साखरेसारखा. त्यात जीव नाही आणि तो कुणाचा जीव घेत नाही. ऊस खातो आणि वाढतो. म्हणजे हे वाढणंच झालं की! मग अण्णांमधला पंगतीतला यजमान जागा झाला. शेतकी खात्याचा माणूस एक पोतं म्हणाला तिथं ते दोन टाकत, वर सुपर फॉस्फेट. “आमच्या ऊसानं कवा न्हाई म्हटलंय का?” असं वर विचारत. ऊस बिचारा ताटावर हात कुठून धरणार?

गुणमाला जत तालुक्यातली. तिकडं उन्हाळ्यात आडाचा तळ दिसतो आणि टँकरची वाट बघण्यात दुपारी जातात. अशा ठिकाणी पाणी गाळायला शिकलेली पोर पाण्याला फार जपते. दुहेरी कापडातून पाणी गाळायचं. कापडावर जे बारीक, डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात त्यांना जिवाणी म्हणतात; ती गाळलेल्याच पाण्यानं तांब्यात उतरवून घ्यायची आणि ज्या आडाचं पाणी, त्याच आडात परत सोडायची. तीही वरून ओतायची नाही. तांब्या पाण्याला टेकवून अलगद कलता करायचा. तिची आई, अव्वा, म्हणायची, “ज्या पाण्याचा जीव, त्या पाण्यात. दुसऱ्याच्या घरात न्हेऊन सोडलं तर तुला तरी करमंल का?” लग्न झाल्यावर गुणमालाला या वाक्याची आठवण जरा जास्तच येऊ लागली.

सासरी पाणी बक्कळ. अण्णांच्या मळ्यात जुनी दगडी बारव होती, खाली पाण्यापर्यंत उतरत गेलेल्या पायऱ्यांची. मळ्यातली चार घरं तिचंच पाणी पीत. बारवेत मासे होते आणि ते अण्णांचे रोजचे पाहुणे. सकाळी पूजा आटोपली की अण्णा ओंजळभर लाह्या घेऊन पायऱ्या उतरत आणि मासे पायरीशी दाटी करत. गुणमालाची सासू चंदनबाला, जिला ती आत्ती म्हणे, तोंडानं फटकळ होती. पण सुनेचं गाळणं बघून तिनं लग्नानंतर महिन्याभरात घरचं सगळं पाणी सुनेच्या हाती सोपवलं. या घरात याहून मोठा मान नव्हता. देवाच्या अभिषेकाचं पाणी, अण्णांच्या तांब्यातलं पाणी, सगळं गुणमालाच्या हातचं. बोरबनमध्ये आपण रुळलो असं तिला त्या दिवशी वाटलं.

आणि मग नागपंचमी आली. पंचमीला ती माहेरी जाऊन आली. येताना एस.टी.त प्यायला अव्वानं आडाचं कळशीभर पाणी दिलं होतं, कारण वाटेत भलतंसलतं पाणी पिणं त्यांच्यात नव्हतं. कळशी बोरबनला पोचली तेव्हा निम्मी भरलेलीच होती. गाळलेलं पाणी काही वेळानं पुन्हा गाळावं लागतं, तसं तिनं गाळलं, जिवाणी तांब्यात घेतली आणि तिथं अडली. आड राहिला जतला. तांब्यातले जीव तसेच मरू दिले तर पाप, परक्या पाण्यात सोडले तर तेही पाप. पोरीनं त्यातल्या त्यात लहान वाटलं ते पाप निवडलं. बारवेच्या पायरीवर बसून तांब्या पाण्याला टेकवला. “रुळा हितंच. मीबी रुळले,” असं हळूच म्हणालीसुद्धा. घरी येऊन हसत हसत आत्तीला सांगितलं. आत्तीही तेव्हा हसली.

श्रावणात पाऊस धो धो पडला. बारवेच्या वरच्या अंगाला अण्णांची उसाची पट्टी होती, आषाढात पोटभर जेवलेली. तिचं निचऱ्याचं पाणी एका चरीतून बारवेत उतरायचं. ते दरवर्षीच उतरायचं, त्यात कुणाला नवल नव्हतं. मग श्रावण उतरणीला लागला, पावसानं उघडीप दिली, कडक ऊन पडलं आणि बारवेचं पाणी फिरलं. आधी मूग भिजवलेल्या पाण्यासारखी झाक आली. चार-सहा दिवसांत पाणी हिरवंगार आणि दाट झालं, वर साय धरू लागली, वास सुटला. गुणमालाचं पांढरं गाळणं रंगात बुडवल्यासारखं निघू लागलं. डोळ्यांना न दिसणारे जीव आता मुठीनं निघत होते. तिनं धर्म सोडला नाही. रोज ती हिरवी जिवाणी निगुतीनं बारवेत परत सोडत राहिली.

एके दिवशी सकाळी अण्णा लाह्या घेऊन उतरले तर सगळे मासे वर आलेले, तोंडं पाण्याबाहेर काढून आ वासत होते. भूक लागली असेल म्हणून अण्णांनी लाह्या टाकल्या. एकानंही तोंड लावलं नाही. ऊन चढेपर्यंत एकेक मासा कुशीवर होत गेला आणि दुपारपर्यंत हिरव्या सायीवर पांढरी पोटंच पोटं झाली. अण्णा तिथून हलले नाहीत. ज्यांच्या हातून आयुष्यात कुणी उपाशी उठलं नाही ते अण्णा, ओंजळीत लाह्या तशाच धरून पायरीवर बसले होते. गुणमालानं त्यांना इतकं केविलवाणं कधी पाहिलं नव्हतं. तिला रडू आलं.

मळ्यातली रंगूबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, “कुणाची नजर लागली म्हणायची ही?”

“नजर कशाची?” आत्ती बोलून गेली. “सूनबाईनं पंचमीला जतची जिवाणी सोडली हुती हितं. तिकडचं कायतरी आलं म्हणायचं.”

आत्तीच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. जीभ सैल, एवढंच. पण रंगूबाईच्या कानात पडलेली गोष्ट कानातच राहिली असं कधी झालं नाही. सांजेपर्यंत ती गावभर होऊन जैनांच्या देवळात, बस्तीत, पोचली.

अण्णांनी गुणमालाला समोर बोलावलं. आवाज चढवला नाही. “खरं हाय?”

“व्हय, अण्णा.”

“ज्या पाण्याचा जीव त्या पाण्यात, हे तुला आईनं शिकीवलं न्हवतं?”

“शिकीवलं हुतं.”

अण्णांनी तिच्यावरची नजर काढली. मग आत्तीकडं बघून म्हणाले, “आजपास्नं हिनं पाण्याला हात लावू नये.”

एवढंच. ना शिवी, ना माहेरी धाडायची भाषा. बाहेरच्या माणसाला वाटेल, बरंच झालं, पोरीच्या डोक्यावरचं काम कमी झालं. पण ज्या घरात पाणी हाच सगळा धर्म, तिथं सुनेच्या हातचं पाणी बंद म्हणजे सून असून नसल्यात जमा. स्वयंपाकाला पाणी लागतं, म्हणून स्वयंपाक गेला. देवघर गेलं. तिला स्वतःला प्यायचं पाणीसुद्धा आत्ती वरून ओंजळीत घाले. तिचा नवरा अजितकुमार साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता, उसाच्या गाडीवानांशी तावातावानं भांडायचा. बापापुढं मात्र त्याच्या तोंडाला कुलूप. खोलीत आल्यावर म्हणाला, “जरा दमानं घे. अण्णांचा राग उतरंल.” गुणमालाला तेच तर दुखत होतं. अण्णा रागावले असते तर बरं. त्यांना तिची भीती वाटत होती.

आणि तिलाही स्वतःच्या हाताची वाटू लागली.

दशलक्षण पर्व सुरू झालं. दहा दिवस उपास, पूजा, प्रवचन. घरातल्या बायका बस्तीत, आणि गुणमाला गोठ्यात शेण भरायला. गोठ्यामागं दोन दगडी डोणी होत्या. मोटेचे बैल विकल्यापासून त्यांना कुणी तोंड लावत नव्हतं. दोन्हींत नदीच्या उपशाच्या नळाचं पाणी सोडलेलं; बारव नासल्यापासून घरात प्यायलाही तेच होतं. सालगडी नाथाजी एका डोणीत खताची रिकामी पोती धूत असे, कारण आत्ती त्या पोत्यांच्या पावसाळी खोळी शिवी. दुसरी नुसतीच भरलेली असायची.

त्या सकाळी गुणमालाची नजर पोत्यांच्या डोणीवर गेली. डोण हिरवीगार! तोच रंग, तीच साय, तोच वास. बारवेचा थेंबही इथं येत नव्हता. म्हणजे आपल्याच हातांनी आणलं, आपण जिथं जाऊ तिथं हे येतंय, असं तिला वाटलं. ती हात पदरात गुंडाळून मागं सरली. दोन दिवस ती त्या बाजूला फिरकली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही.

तिसऱ्या दिवशी बिराप्पा आला. बिराप्पा तिच्या माहेरगावचा धनगर. पूर्वी दरसाल सुगीनंतर तो मेंढ्या घेऊन बोरबनला येई आणि अण्णांच्या शेतात बसवी. लेंड्या-मुतानं जमीन तयार होई. युरिया आल्यापासून त्याला बोलावणं नव्हतं. आता तो सांगलीच्या बाजारात घोंगडी विकायला आला होता आणि अव्वानं लेकीसाठी दिलेली तिळाची चटणी पोचवायला वाट वाकडी करून आला होता.

“आक्का, वाळलीस की गं!” तो म्हणाला. “पर्वाचा उपास का सासुरवास?”

गुणमालानं हसायचा प्रयत्न केला. मग भीत भीत विचारलं, “आमच्या आडाचं पाणी कसं हाय, बिराप्पा? हिरवं झालंय का?”

“हिरवं? तुमच्या आडाचं?” बिराप्पाला हसूच आलं. “तळातला खडा दिसतोय. कालच पिऊन आलोय की.”

तिचा विश्वास बसेना. तिनं त्याला हाताला धरून ओढावं तसं डोणीपाशी नेलं. बिराप्पानं वास घेतला आणि नाक मुरडलं. “ह्ये व्हय! आमच्याकडं डबक्याकडंला लय दिस मेंढ्या बसवल्या की आस्संच हिरवं व्हतंय. लेंड्या उतरत्यात पाण्यात. मग त्ये पाणी मेंढरं पीत न्हाईत.” त्यानं काठीनं साय बाजूला केली. “पर हितं मेंढ्या कुठं हायत?”

मेंढ्या नव्हत्या. पोती होती. डोणीच्या काठावर नाथाजीनं उलटी करून वाळत घातली होती, ओळीनं.

बिराप्पा गेल्यावर गुणमाला दोन्ही डोणींच्या मध्ये उभी राहिली. पाणी एकाच नळाचं. ऊन सारखंच. एकीत पोती धुतलेली, ती हिरवी. दुसरी नितळ, तळाच्या दगडावर पडलेलं कडुनिंबाचं पानसुद्धा दिसत होतं. तिनं ते पान बघितलं आणि ती तिथंच खाली बसून हमसून हमसून रडली. आपण नव्हे. आपल्या हातानं नव्हे. अव्वाच्या आडातले बिचारे जीव, त्यांनीही काही केलं नव्हतं.

हलकं वाटलं, पण फार वेळ नाही. डोळे पुसता पुसता तिच्या ध्यानात आलं, की आपल्या डोक्यावरचं हे ओझं खाली उतरत नाही, ते दुसऱ्याच्या डोक्यावर जातंय. वरच्या पट्टीत पोती कुणी रिकामी केली? एकाच्या जागी दोन कुणी टाकली? मुंगीला वाट देणारा माणूस. मासे मेल्यापासून ते अर्ध्या अन्नावर होते आणि बारवेकडची वाटच त्यांनी सोडली होती. एक तांब्या जिवाणी सोडल्याचा घोर तिला इतके दिवस जाळत होता. अण्णांना कळलं तर त्यांचं काय होईल? गुणमाला अण्णांवर रुसली होती, खोटं कशाला बोला. पण हे दुःख तिला त्यांना द्यायचं नव्हतं.

म्हणून तिनं गुपचूप मार्ग काढायचं ठरवलं. अनंत चतुर्दशीला सगळं घर पहाटेच बस्तीत गेलं, तेव्हा ती नाथाजीला घेऊन वरच्या पट्टीत गेली आणि म्हणाली, “नाथाजीदादा, ही चर बारवेत नको उतरायला. दुसरीकडं वळीव.”

“सोपं हाय की,” नाथाजी म्हणाला. त्यानं कुदळीनं दाखवलं, “हितनं फोडली की वढ्याला. वढा जातोय नदीला. कृष्णामाई सगळं पोटात घेती.”

“आन् पुढं?”

“पुढं काय? नदी जाती की समुद्राला. आपल्याला काय त्याचं!”

त्यानं कुदळ उचलली. गुणमाला “हाण” म्हणणारच होती. शब्द ओठांवर आला आणि तिथंच थबकला. ओढ्याच्या तोंडाशी खालच्या गावाचा घाट होता, तिथं बायका घागरी बुडवत. त्याच्या खाली आणखी गावं, आणखी घाट, मासे तर किती. आणि शेवटी समुद्र. तिनं समुद्र पाहिला नव्हता. पण तिथंही कुणीतरी राहतच असेल. जतचा जीव बोरबनच्या पाण्यात सोडला म्हणून ती इतकी पोळली होती, आणि आता बोरबनचं घोंगडं झटकून ती परक्यांच्या अंगावर टाकायला निघाली होती. तेही जाणूनबुजून.

“ऱ्हाऊ दे, दादा,” ती म्हणाली. “आदी अण्णांना इचारते.”

दुपारी अण्णा ओसरीवर जपाला बसले होते. चतुर्दशीचा निर्जळी उपास, ओठ सुकलेले. गुणमाला खांबाशी उभी राहिली. दोनदा माघारी वळली. मग म्हणाली, “अण्णा, जरा गोठ्यामागं येता का?”

अण्णांनी वर पाहिलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच त्यांच्याशी आपणहून बोलली होती. ते उठले.

डोणींपाशी आल्यावर तिनं सगळं सांगितलं. आडाचं नितळ पाणी, बिराप्पाच्या मेंढ्यांचं डबकं, नाथाजीची पोती. सांगताना तिचा आवाज चोरट्यासारखा होत होता, जणू गुन्हा तीच कबूल करत होती. अण्णांना आधी पटेना. “खतात जीव न्हाई, पोरी. मीठ हाय ते नुसतं. ते कुणाला मारंल कसं?”

“ते मारत न्हाई, अण्णा. ते जेवू घालतंय. ऊस जेवला, उरलेलं चरीनं बारवेत उतरलं, शेवाळ जेवलं. ते माजलं आन् त्याच्याखाली मासं गुदमरलं.”

अण्णांनी हिरव्या डोणीत बोट बुडवून बघितलं. मग दुसऱ्या डोणीत. बराच वेळ ते दोन्हींकडं आळीपाळीनं बघत राहिले. नंतर डोणीच्या काठावर टेकले आणि एकदम म्हातारे दिसायला लागले.

“फवारलं न्हाई मी,” ते म्हणाले. “ग्रामसेवकाला परत धाडलं. सगळ्या गावापुढं छाती काढून सांगितलं. आन् वाढून वाढून मारलं.”

“तुमाला ठावं न्हवतं, अण्णा.”

“तुला तरी कुठं ठावं हुतं?” अण्णांचा आवाज फाटला. “तरी तुझ्या हातचं पाणी मी बंद केलं.”

गुणमालाला वाटलं त्यांच्या पाया पडावं, पण तेवढ्यात अण्णा उठून आत गेले. रात्री त्यांच्या खोलीतून जपाचा आवाज आला नाही.

दुसरा दिवस क्षमावाणीचा. वर्षभरात कळत-नकळत ज्यांना दुखवलं त्यांची हात जोडून क्षमा मागायची, लहानानं मोठ्याची आणि मोठ्यानं लहानाची. बस्तीतून माणसं ‘उत्तम क्षमा, उत्तम क्षमा’ म्हणत घरोघरी निघाली. आत्तीनं अण्णांच्या पारण्याची तयारी केली होती. कालपासून त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. पण अण्णा बस्तीतून थेट घरी आलेच नाहीत. नाथाजी धावत आला. “अण्णा वरच्या पट्टीत फावडं मारत्यात. मला हात लावू दीनात!”

सगळे धावले. अण्णा धोतराचा काचा मारून चर बुजवत होते. वय साठीचं, पोट रिकामं, फावडं दर खेपेला अर्धंच भरत होतं. चरीच्या तोंडाशी त्यांनी बांध घातला होता आणि पट्टीचं पाणी पट्टीतच मुरावं म्हणून वरच्या अंगाला आडवी ताल, म्हणजे मातीचा लांब वरंबा, ओढली होती. रंगूबाई आणि मळ्यातली माणसं बांधावर उभी राहून बघत होती.

“आवं, पारणं तरी करा आदी!” आत्ती रडकुंडीला आली.

अण्णांनी शेवटचं फावडं मारलं, पायानं माती दाबली आणि बांधावर बसले. दम खात म्हणाले, “ह्या पट्टीत हितनं पुढं युरिया न्हाई. बाकीच्या रानात शेतकीवाल्यानं सांगितलंय तेवढंच. बिराप्पाला निरोप धाडा, सुगीनंतर मेंढ्या घिऊन ये म्हणावं. पर बारवेपास्नं लांब, वरल्या माळाला बसवायच्या.” मग त्यांनी घाम पुसला. “पाणी आण.”

आत्ती वळली.

“तू नगं,” अण्णा म्हणाले. “गुणमाला आणंल.”

बांधावर एकदम शांत झालं. रंगूबाईसुद्धा गप्प बसली, म्हणजे केवढी शांतता ते समजा. गुणमाला घराकडं चालत गेली की पळत गेली, तिला आठवत नाही. नळाखाली घागर भरली. खुंटीवरचं गाळणं कुणीतरी नीट घडी घालून ठेवलं होतं. ते तिनं दुहेरी केलं, तांब्याच्या तोंडावर धरलं आणि पाणी ओतलं. धार चुकली नाही. जिवाणी वेगळ्या तांब्यात उतरवून घेऊन ती दोन्ही तांबे घेऊन परत आली.

अण्णांनी आधी हात जोडले. सगळ्यांसमोर, सुनेला. “गुणमाले, उत्तम क्षमा.”

“अण्णा, आसं नगा…” तिनंही हात जोडायचे ते तांबे धरलेलेच हात कपाळाला लावले. अण्णांनी ओंजळ पुढं केली. तिनं पाणी घातलं. ते प्याले, पुन्हा ओंजळ धरली, पुन्हा प्याले. तिसऱ्यांदा ती घालायला लागली तेव्हा अण्णांनी ओंजळ मोडून तांब्यापुढं आडवा हात धरला. “बास,” म्हणाले आणि कसनुसं हसले. “बास म्हटलं की थांबावं, हे शिकायला पायजे आता.”

मग त्यांची नजर तिच्या डाव्या हातातल्या तांब्याकडं गेली. “हे पाणी कुठलं?”

“नळाचं. म्हंजे नदीचं.”

“मग जिवाणी नदीला जायाला पायजे.” अण्णा गुडघ्यावर हात टेकून उठले. “आण हिकडं.”

“आवं, नाथाजी सोडंल की!” आत्ती ओरडली. “नदी हाय का जवळ?”

अण्णांनी तांब्या घेतला आणि ते चालायला लागले. गुणमाला मागोमाग निघाली. नदीवर पोचायला त्यांना बराच वेळ लागला, कारण वाटेत दोनदा मुंग्या लागल्या. घाटाच्या शेवटच्या पायरीवर अण्णा बसले आणि तांब्या पाण्याला टेकवून त्यांनी तो अगदी सावकाश कलता केला. वर, साताऱ्याच्या अंगानं, कोरेगावाकडून पाणी संथ येत होतं. अण्णा तिकडं बघत राहिले.

“तिकडंबी कुणीतरी आसाच वाढत बसला आसंल,” ते म्हणाले. “भल्या मनाचा. त्याला कोण सांगणार, गुणमाले?”

गुणमालानं रिकामा तांब्या त्यांच्या हातातून घेतला, नदीत विसळला.

“मला तुमाला सांगायला लय भ्या वाटलं, अण्णा,” ती म्हणाली. “त्याला सांगायला तुमाला तरी वाटायचं न्हाई.”

“वाटतंय की,” अण्णा म्हणाले आणि उठायला त्यांनी तिच्यापुढं हात केला. तिनं तो धरला.